केसपेपरच्या खिडकीवर ॲपची परीक्षा

जिल्ह्याच्या ठिकाणच्या कोणत्याही 'सिव्हिल'मध्ये सकाळी साडेआठला गेले की केसपेपरची रांग दिसते. खिडकी उघडण्याआधीच ती दारापर्यंत आलेली असते. पहाटेची एसटी पकडून आलेले जोडपे, तापाने फणफणलेले मूल कडेवर घेतलेली आई, गुडघे धरून फरशीवर टेकलेली आजी. खिडकीतला माणूस चार गोष्टी विचारतो: नाव, वय, गाव, काय होतंय. अर्ध्या मिनिटात कागद हातात पडतो. 'सात नंबरला जा' एवढे ऐकून माणूस चालू लागतो.

या खिडकीत दोष पुष्कळ आहेत. रांग लांब असते, आतला आवाज कधी चढलेला असतो, कागद हरवला की मागचा सगळा इतिहास हरवतो. पण तिच्यापाशी एक मोठा गुण आहे. तिला पासवर्ड लागत नाही. बोलणाऱ्याची अहिराणी असो की वऱ्हाडी, ती समजून घेते. वय 'साठ-पासष्ट असंल' असे सांगितले तरी तेच लिहून पुढे पाठवते. आरोग्यसेवेसाठी मोबाइल ॲप बनवणाऱ्याने आपली तुलना दुसऱ्या ॲपशी न करता या खिडकीशी करायला हवी. खिडकीपेक्षा अवघड झालेले ॲप कितीही देखणे असले तरी ते सोय ठरत नाही.

खिडकी आणि मोबाइल यांची सांगड घालता येते, हे दिल्लीने दाखवले आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथल्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात आणि त्याला जोडलेल्या सुचेता कृपलानी रुग्णालयात 'स्कॅन अँड शेअर' ही सोय सुरू झाली. भिंतीवर क्यूआर कोड लावलेला असतो. रुग्णाने तो स्कॅन केला की 'आभा' या चौदा अंकी आरोग्य खात्यातले नाव, वय, पत्ता ही माहिती रुग्णालयाच्या संगणकात जाते आणि मोबाइलवर टोकन क्रमांक येतो. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला सगळे पुन्हा टाइप करावे लागत नाही. ही पद्धत पुढे देशभरातल्या रुग्णालयांत पसरली. तिची खरी कमाई अशी, की जितके लोक कोड स्कॅन करतात तितकी मोबाइल नसलेल्यांची रांगही आखडते. अर्थात, खिडकी चालू ठेवली तरच. 'आता ॲप आले, खिडक्या दोनाच्या एक करा' असे कुणी ठरवले, तर त्याच सोयीचा फास होतो.

ॲप बनवणाऱ्यांच्या मनात बहुतेकदा एक चित्र पक्के बसलेले असते: एक माणूस, त्याच्या हातात त्याचा स्वतःचा फोन, त्यात चालू इंटरनेट, आणि त्याला हवी असलेली त्याची स्वतःची सेवा. हिंजवडीच्या कार्यालयात बसून हे चित्र खरे वाटते, कारण तिथे प्रत्येकाच्या खिशात तसा फोन असतोच. घराघरातली परिस्थिती वेगळी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातल्या जेमतेम ५४ टक्के महिलांनी स्वतः वापरता येईल असा मोबाइल आपल्याकडे असल्याचे सांगितले. महाराष्ट्रात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या महिला ३८ टक्के होत्या, ग्रामीण भागात तर चौघींत एकही भरत नव्हती. पुरुषांचे राज्यातले प्रमाण साठ टक्क्यांच्या पुढे होते. त्यानंतर आकडे वाढले असणार, यात शंका नाही. पण ज्यांना दवाखान्याची गरज सर्वांत जास्त, त्या गरोदर बायका, म्हातारी माणसे, दीर्घ आजारी माणसे यांच्या हातात फोन सर्वांत शेवटी येतो. घरातला फोन मुलाचा असतो, नवऱ्याचा असतो, शेजारच्या पोराचा असतो.

देशाने या चुकीची किंमत २०२१ च्या उन्हाळ्यात मोजली. १ मेपासून १८ ते ४४ वयोगटाला कोविडची लस खुली झाली आणि त्यासाठी कोविन पोर्टलवरून आधी वेळ घेणे सक्तीचे केले गेले. २८ एप्रिलला नोंदणी उघडली आणि पहिल्याच दिवशी कोटीहून अधिक लोकांनी नावे नोंदवली. लस थोडी, मागणारे अफाट. केंद्राची वेळ खुली व्हायची आणि काही सेकंदांत संपायची. संगणकाची भाषा येणाऱ्या तरुणांनी जागा रिकामी झाली की सूचना देणारी साधने तयार केली, टेलिग्रामवर त्यांचे गट बनले. ज्यांना हे जमत होते त्यांना लस मिळत होती. मुंबई-ठाण्याची, पुण्याची माणसे गाडी काढून दूरच्या तालुक्यातल्या केंद्रावर लस घेऊन परतत होती आणि त्या केंद्राच्या अंगणात राहणारा शेतमजूर ओट्यावरून बघत होता. पोर्टल तेव्हा इंग्रजीत होते. मराठीसह भारतीय भाषा त्यात जून उजाडल्यावर आल्या.

३१ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दाखल करून घेतलेल्या प्रकरणात या व्यवस्थेवर नेमके बोट ठेवले. ज्यांच्याकडे इंटरनेट नाही, ज्यांना ते वापरता येत नाही, त्यांच्या लसीचे काय, हा प्रश्न तर न्यायालयाने विचारलाच, पण न्यायमूर्ती पडद्यावरच्या बारकाव्यांतही शिरले. अंध व्यक्तीला कॅप्चाची अक्षरे ऐकू येण्याची सोय नाही. वयोगट, लसीचे नाव, फुकट की विकत हे निवडण्याच्या खुणा स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला कळत नाहीत. जागा किती हे कळते, पण तो आकडा कशाचा हे कळत नाही. नुसत्या कीबोर्डने पोर्टलभर फिरता येत नाही. आणि वेळ घेऊन, थांबत-थांबत काम करणाऱ्याला मध्येच खात्यातून बाहेर काढले जाते. बटण कुठे असावे, किती वेळ द्यावा, हे प्रश्न जगण्याच्या हक्काचे असतात, याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा नाही.

एवढे सगळे मान्य करूनही कोविनमधल्या एका निर्णयाला दाद द्यायला हवी. एका मोबाइल क्रमांकावर चार जणांची नोंदणी करता येत होती, जानेवारी २०२२ पासून सहा जणांची. कुणाला ही किरकोळ तांत्रिक सवलत वाटेल. पण भारतीय घर कसे चालते हे तेवढ्या एका ओळीत ओळखले गेले होते. नातवाने आपल्या फोनवरून आजी-आजोबांची नावे नोंदवली, घरकाम करणाऱ्या मावशींची नोंद कामाच्या घरातल्या कुणीतरी केली. पुढे थेट केंद्रावर जाऊन नोंदणीची मुभा मिळाली, आशाताई वस्तीवस्तीत फिरल्या, आणि २१ ऑक्टोबर २०२१ रोजी देशाने शंभर कोटी मात्रांचा टप्पा गाठला. तो टप्पा दोघांनी मिळून गाठला: हिशेब ठेवणाऱ्या पोर्टलने आणि हात धरून आणणाऱ्या माणसाने.

हीच गोष्ट 'ई-संजीवनी'ने जास्त शहाणपणाने केली. केंद्र सरकारची ही दूरवैद्यकीय सेवा मोहालीच्या सी-डॅकने बांधली. तिचे दोन रस्ते आहेत. एकात रुग्ण आपल्या घरून, आपल्या फोनवरून डॉक्टरशी बोलतो. दुसऱ्यात तो गावच्या आरोग्य केंद्रात जातो; तिथला समुदाय आरोग्य अधिकारी त्याचा बीपी, शुगर तपासतो, माहिती स्वतः भरतो आणि मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरला पडद्यावर घेतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये या सेवेने दहा कोटी सल्ल्यांचा आकडा ओलांडला. त्यातला फार मोठा वाटा दुसऱ्या रस्त्याचा होता. सरकारनेच दिलेल्या माहितीनुसार लाभ घेणाऱ्यांत ५७ टक्क्यांहून अधिक महिला आणि सुमारे १२ टक्के ज्येष्ठ नागरिक होते. ज्यांच्या हातात फोन नाही म्हणून आपण हळहळतो, नेमक्या त्याच बायका या सेवेत पुरुषांहून जास्त आल्या. कारण सोपे आहे. तिथे त्यांना ॲप वापरावेच लागले नाही. शेजारी बसलेल्या माणसाने ते वापरले.

सोपे ॲप म्हणजे प्रत्येकाला एकट्याने वापरता येणारे ॲप, ही व्याख्या अपुरी आहे, असे या अनुभवावरून ठामपणे म्हणता येते. मदत करणाऱ्याला सहज मदत करता यावी, ही तितकीच महत्त्वाची कसोटी हवी. पहिल्याच पडद्यावर 'स्वतःसाठी' आणि 'दुसऱ्यासाठी' असे दोन ठळक पर्याय असावेत. चाकणला कारखान्यात असलेल्या मुलाला गावाकडच्या आईचा नंबर लावता यावा. आज बहुतेक ठिकाणी घडते ते असे: आई रुग्णालयाच्या खिडकीशी, ओटीपी मुलाच्या फोनवर, मुलगा पाळीवर असल्याने फोन बंद. तो लागलाच तर मुलगा सहा आकडे ओरडून सांगतो आणि आई ते खिडकीतल्या माणसाला सांगते. ओटीपी कुणाला सांगू नका म्हणून बँका आणि पोलीस घसा कोरडा करत असताना आपण सरकारी दवाखान्यात लोकांना तो सांगण्याचीच सवय लावतो आहोत. मुलाने एकदाच 'आईच्या वतीने मी' अशी संमती नोंदवावी आणि ती हवी तेव्हा काढूनही घेता यावी, एवढे केले तरी हा सगळा त्रास वाचेल.

फोन घरात सामायिक असला की दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि तो जास्त नाजूक आहे. फोन दिराच्या हातात असताना 'तुमच्या गर्भनिदान तपासणीचा अहवाल तयार आहे' असा संदेश पडद्यावर झळकला, तर ज्या बातमीवर फक्त त्या बाईचा हक्क, ती घरभर होते. क्षयाची, एचआयव्हीची, मानसिक आजाराची औषधे घेणाऱ्यांचेही हेच. त्यामुळे संदेश 'रुग्णालयाकडून निरोप आहे' एवढाच असावा, आत काय आहे ते उघडणाऱ्यालाच कळावे, आणि नोंदणीच्या वेळी 'तुम्हाला कधी फोन केलेला चालेल?' हे विचारलेले असावे.

हा प्रश्न मुंबईत कुणीतरी दहा-बारा वर्षांपूर्वीच विचारला होता. डॉ. अपर्णा हेगडे यांच्या 'आरमान' संस्थेने २०१४ मध्ये 'एममित्र' ही सेवा सुरू केली. गरोदर बाईला आणि बाळंतिणीला तिच्या महिन्यांनुसार, बाळाच्या वयानुसार फोनवर ध्वनिमुद्रित सल्ला येतो. भाषा ती निवडते. फोन कोणत्या वेळी यावा हेही तीच ठरवते, म्हणजे नवरा फोन घेऊन घरी परतल्यानंतरची वेळ तिला सांगता येते. ॲप नाही, इंटरनेट नाही, वाचता येण्याची अट नाही. साधा बटणांचा फोन पुरतो. केंद्र सरकारची 'किलकारी' ही सेवाही याच धर्तीवर २०१६ पासून चालते. चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचे होईपर्यंत दर आठवड्याला एक फोन, असे ७२ संदेश. मोबाइल आरोग्यसेवेची चर्चा करताना आपण नव्या चकचकीत ॲपकडे पाहतो आणि ही कामे नजरेआड होतात, याची खंत वाटते.

आवाजाकडून अक्षरांकडे वळले की मराठीची कहाणी सुरू होते. बहुतेक ॲप आधी इंग्रजीत घडते आणि शेवटच्या आठवड्यात त्याचे 'मराठीकरण' होते. मग 'अपॉइंटमेंट'चे 'भेट' होते, 'भेट रद्द करा' या चौकटीखाली 'रद्द करा' आणि 'ठीक आहे' अशी दोन बटणे येतात, आणि नेमके कोणते दाबले म्हणजे उद्याचा नंबर राहतो, हे शिकलेल्या माणसालाही उमगत नाही. 'हो, नंबर नको' आणि 'नंबर राहू द्या' असे लिहिले तर प्रश्नच मिटतो. लोक 'नंबर लावतात', 'केसपेपर काढतात', 'रक्त तपासतात', 'बीपीची गोळी' घेतात. 'बाह्यरुग्ण नोंदणी', 'रक्तदाब नियंत्रक औषध' असे शब्द फक्त फलकावर राहतात. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने आपल्या लेखनासाठी नियमच केला आहे की नऊ ते अकरा वर्षांच्या मुलाला वाचता येईल असे लिहावे, आणि लघवी, शौच यांसाठी तिथल्या घरात जे अगदी साधे शब्द आहेत तेच वापरावेत. डॉक्टरांच्या प्रतिष्ठेला त्याने काही धक्का लागलेला नाही.

नावाचा गुंता तर खास आपला. मराठी नावात स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि आडनाव असे तीन भाग. लग्नानंतर बाईचे मधले नाव आणि आडनाव बदलते, कधी पहिलेही. आधारवर माहेरचे, शिधापत्रिकेवर सासरचे, डिस्चार्ज कार्डावर तिसरेच. त्यात रोमन लिपीतले स्पेलिंग. एकाच शिंदेचे दोन-तीन प्रकार. संगणक म्हणतो, 'माहिती जुळत नाही', आणि शस्त्रक्रियेची मंजुरी अडकते. खिडकीतला अनुभवी कर्मचारी असा फरक पाहून 'तीच बाई आहे' हे क्षणात ओळखतो. ॲपलाही हे शिकवता येते: थोड्या फरकाची नावे समोर मांडून 'यांपैकी तुम्ही कोण?' असे विचारता येते, जन्मतारीख माहीत नसेल तर अंदाजे वय घेता येते. हे काम कठीण मुळीच नाही. करायचे ठरवले पाहिजे.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने एक चांगली तरतूद केली आहे. संमती मागणारा मजकूर इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय माणसाला मिळाला पाहिजे. मराठी माणसाला हे पुरेसे आहे. मेळघाटातल्या कोरकूला, गडचिरोलीतल्या गोंडीला, नंदुरबारच्या भिलीला मात्र त्या अनुसूचीत जागा नाही, आणि बालमृत्यू, कुपोषणाची चर्चा वर्षानुवर्षे याच भागांभोवती फिरते आहे. तिथे छापील संमतीपत्र कोणत्याही लिपीत दिले तरी ते पोचत नाही. गावातल्या आशाताईच्या आवाजात त्या-त्या बोलीत मुद्रित केलेली दोन मिनिटांची समजूत पोचेल.

ॲपची झळ फक्त रुग्णाला बसते असेही नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या हजारो अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. मुलांच्या वजन-उंचीची, आहाराची नोंद 'पोषण ट्रॅकर'मध्ये भरायची होती. ते इंग्रजीत होते, आणि दिलेले फोन कमी क्षमतेचे असल्याने त्यांवर ते नीट चालत नव्हते, फोन तापत होते. ज्या बायका वर्षानुवर्षे अकरा-अकरा रजिस्टरे बिनचूक भरत आल्या, त्यांना 'तंत्रज्ञान जमत नाही' म्हणणे अन्यायाचे होते. त्यांनी फोन नाकारला तो कामाला नकार म्हणून नव्हे. काम करता यावे म्हणून तो नाकारला. ती एका अर्थाने देशातली सर्वांत मोठी वापरकर्ता-चाचणी होती, फक्त ती ॲप आल्यानंतर, आंदोलनाच्या रूपाने घेतली गेली. आधी वीस सेविकांना बोलावून एक दिवस त्यांच्या शेजारी बसले असते, तर यातले बहुतेक दोष तेव्हाच दिसले असते.

कायद्याची बाजूही आता पक्की झाली आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा यांना बँक खाते उघडताना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून जिवंत असल्याची खात्री पटवा, असे सांगितले गेले होते. त्यांना ते शक्य नव्हते. डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणे हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि वीस निर्देश दिले. प्रकरण बँकेचे होते, पण चेहरा ओळखून रुग्णनोंदणी करू पाहणाऱ्या प्रत्येक आरोग्य ॲपला ते लागू पडते. मोतीबिंदूची पट्टी बांधलेला माणूस, अर्धांगाने चेहरा ओढला गेलेला माणूस, भाजलेली बाई: रुग्णालयात येणाऱ्यांचे चेहरेच असे असतात. बटण बोटाला सापडेल एवढे मोठे हवे. अँड्रॉइडच्या स्वतःच्या मार्गदर्शनात ते सुमारे नऊ मिलिमीटरचे सांगितले आहे. पांढऱ्यावर फिकट करड्या अक्षरांची हौस इथे सोडायला हवी. रेंज गेली तर भरलेली माहिती पुसली जाऊ नये.

महाराष्ट्रापाशी या सगळ्याचे उत्तर मनुष्यरूपात आधीच आहे. २०१२ मध्ये सुरू झालेली जीवनदायी योजना आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते आणि कुटुंबाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण देते. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात एक 'आरोग्यमित्र' बसतो. कोणती कागदपत्रे लागतील, आजार यादीत बसतो का, मंजुरी कुठे अडली, हे तो सांगतो. घाबरलेल्या नातेवाइकाला पहिल्यांदा हवे असते ते हेच. १०८ ची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून धावते, आणि तिची लोकप्रियता ज्या तीन आकड्यांत आहे ते न शिकलेल्या माणसालाही पाठ असतात. मानसिक आरोग्याच्या 'टेलि-मानस'ने ऑक्टोबर २०२२ मध्ये आधी १४४१६ हा क्रमांक दिला, ॲप दोन वर्षांनी आणले. हा क्रम योग्य होता.

तेव्हा पुढच्या वेळी राज्याचा आरोग्य विभाग, महापालिका किंवा एखादे रुग्णालय नव्या ॲपची निविदा काढेल, तेव्हा तीत एक अट घालावी. पहिला नमुना तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, बाजाराच्या दिवशी, केसपेपरच्या खिडकीशेजारी टेबल टाकून रांगेतल्या पन्नास जणांना वापरायला द्यावा. त्यांत निम्म्या बायका असाव्यात, दहा जण साठीच्या पुढचे असावेत, काही जण वाचता न येणारे असावेत, आणि फोन त्यांचाच किंवा त्यांच्यासोबत आलेल्याचा असावा. बनवणाऱ्यांनी मागे उभे राहून फक्त बघावे, कुणालाही काही समजावू नये. किती जणांचा नंबर लागला, कोण कुठल्या पडद्यावर अडले, कुणी फोन खाली ठेवून परत रांगेत जाऊन उभे राहिले, हे लिहून घ्यावे, आणि ते लिहिलेले कागद जोडल्याशिवाय ठेकेदाराच्या पहिल्या हप्त्यावर सही होऊ नये.